पगार किती, आणि कुठे बसून?

मुलीच्या बापाने मुलाचा पगार तोंडावर विचारायचा नसतो, असं अलीकडे आपल्याकडे ठरलं आहे. विचारायचं ते "सध्या कुठे असता?" किंवा "कंपनी कशी काय आहे?" मग मध्यस्थाने जिन्यात चपला घालता घालता आकडा सांगायचा आणि बापाने तो ऐकूच आला नाही अशा चेहऱ्याने नीट ऐकून घ्यायचा. थोडक्यात, आपण सुसंस्कृत झालो. पण आपल्या बापमंडळींनी रिकामी केलेली ती खुर्ची ब्रिटन सरकारने उचलली, झटकली आणि तिच्यावर ते स्वतः जाऊन बसलं. ते जिन्याबिन्यात विचारत नाही. समोर बसवून विचारतं. पगार किती? सहा महिन्यांच्या पेस्लिपा काढा. बँकेचं स्टेटमेंट काढा. दोन्हींतले आकडे एकमेकांशी जुळतात का, ते आम्ही बघतो. तुम्ही चहा घ्या.

फरक एवढाच की हे सगळं लग्न झाल्यावर विचारतात.

हा प्रकार ९ जुलै २०१२ला सुरू झाला. त्याआधी 'सरकारी भत्त्यांवाचून आमचा चरितार्थ चालेल' एवढं पटवून दिलं की परदेशी नवऱ्याला किंवा बायकोला ब्रिटनमध्ये नेता येत असे. थेरेसा मे गृहमंत्री असताना त्याला आकडा आला: वर्षाला १८,६०० पौंड. एवढी कमाई असलेल्या जोडप्याला उत्पन्नावर अवलंबून असलेले सरकारी भत्ते सहसा घ्यावे लागत नाहीत, असा त्यामागचा हिशेब. जवळपास बारा वर्षं तो आकडा जागचा हलला नाही. मग डिसेंबर २०२३मध्ये जेम्स क्लेव्हर्ली या गृहमंत्र्यांनी एकदम ३८,७०० जाहीर केले. कुशल कामगार म्हणून परदेशातून येणाऱ्याला जो पगार लागणार होता, तोच आता नवरा म्हणवून घ्यायलाही लागणार होता. गदारोळ झाला. नाताळच्या तोंडावर सरकार म्हणालं, बरं, आधी २९,०००, मग ३४,५०० आणि मग ३८,७००. ११ एप्रिल २०२४ला २९,००० लागू झाले. जुलैत तिथलं सरकार बदललं आणि नव्या सरकारने पुढच्या दोन पायऱ्या रोखून धरल्या.

२९,००० पौंड म्हणजे तीस लाख रुपयांच्या बरेच वर. तिथे राहणाऱ्यांना हा आकडा फार वाटत नसेल, असं आपल्याला वाटतं. पण एप्रिल २०२५मध्ये तिथल्या किमान वेतनाचा दर तासाला १२.२१ पौंड झाला. त्या दराने आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५२ आठवडे, एकही खाडा न करता माणूस राबला तर त्याचा पगार २५,४०० पौंडांच्या आसपास होतो. म्हणजे सरकार मालकाला सांगतं, "याला निदान एवढं दे, एवढ्यात माणूस जगतो." आणि त्याच माणसाला सांगतं, "एवढ्यात तुझी परदेशी बायको जगणार नाही." बायको तिथलीच असेल तर मात्र बेकार असतानाही खुशाल लग्न करावं. तिच्या जगण्याची काळजी सरकार करत नाही.

मला या साऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं. माझा थोरला भाऊ तरुणपणीच इंग्लंडला गेला. त्याचा मुलगा लंडनजवळ जन्मला, तिथेच वाढला, पासपोर्टाने ब्रिटिश आणि जिभेने पक्का कर्वेनगरचा. कोविड ओसरल्यावर तो आजीला भेटायला पुण्यात आला आणि राहिलाच. काम एका लंडनच्या सॉफ्टवेअर कंपनीत, पण सगळं लॅपटॉपवर. "काका, वायफाय असलं की झालं," असं त्याने मला सांगितलं आणि आमच्या वरच्या खोलीत लंडन थाटलं. दुपारी दीडला त्याची सकाळ व्हायची. रात्री साडेदहाला आम्ही दिवे मालवायला लागलो की तो जिना उतरून "आज जरा लवकर सुटलो" म्हणत वरण तापवायचा. आजीला तर शेवटपर्यंत वाटत होतं की नातू वर अभ्यास करतो.

कंपनीनेही त्याला खुशीने परवानगी दिली होती. फक्त 'राहणीमानाचा खर्च' नावाच्या एका तत्त्वानुसार त्याचा पगार ३१,००० पौंडांवरून २७,००० केला होता. पुण्यात स्वस्ताई आहे, हे कंपनीला कोणी सांगितलं कोण जाणे. तिला बहुधा बाणेरमधल्या जागांचे भाव कळवलेले नव्हते. तरी २७,००० पौंड म्हणजे कर्वेनगरात मजाच होती. आमच्या सोसायटीत एवढा पगार आणि एवढा जुना टी-शर्ट एकाच अंगावर दुसऱ्या कोणाच्या नव्हता.

मग राजगडाच्या एका ट्रेकमध्ये त्याला एक मुलगी भेटली. तीही आयटीतली, त्याच्यापेक्षा हुशार, आणि चढण्यात तर फारच पुढे. रीतसर लग्न झालं. पुढे तिकडे भावाच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं, वहिनी एकटी पडणार होती, तेव्हा या दोघांनी ठरवलं की आता लंडनला जायचं. काम तर कुठूनही होतं. तिच्याही कंपनीने सांगितलं, तिकडून काम कर. घर तिथे, माणसं तिथे, दोन नोकऱ्या लॅपटॉपमध्ये. राहिला होता फक्त व्हिसा.

मी बँकेत होतो, त्यातली बरीच वर्षं कर्जविभागात. म्हणून नियमावलीची पानं छापून माझ्यासमोर ठेवण्यात आली. तिचं नाव 'अपेंडिक्स एफएम' आणि पुरावे कोणते आणि कसे द्यायचे ते सांगणारं तिचं धाकटं भावंड 'अपेंडिक्स एफएम-एसई'. खरं सांगायचं तर मला ती वाचताना भरून आलं. निवृत्तीनंतर एवढं संशयी गद्य माझ्या वाचनात आलं नव्हतं. प्रत्येक वाक्य समोरचा माणूस खोटं बोलतो आहे हे गृहीत धरून लिहिलेलं, आणि तरी कुठे आवाज चढलेला नाही. अशी माणसं आमच्या शाखेत असती तर आमची थकीत कर्जं निम्मी झाली असती.

आपल्याकडे पत्रिका बघताना ३६ गुणांपैकी १८ जुळले की भागतं. त्यातूनही कमी पडले तर गुरुजी एखादी शांत सुचवतात. या नियमावलीत उत्पन्नाच्या ए ते जी अशा सात राशी आहेत. एकाच मालकाकडे सहा महिने पगार घेत असाल तर रास ए. नोकरी नवी असेल तर बी, आणि मग मागच्या बारा महिन्यांची कमाई मोजतात. भाडं, लाभांश वगैरे सी. बँकेतली शिल्लक डी. पेन्शन ई. स्वतःचा धंदा असेल तर एफ किंवा जी, आणि मग आख्खं आर्थिक वर्ष किंवा दोन वर्षांची सरासरी. कोणत्या राशीचं कोणत्या राशीशी जमतं आणि कोणाचं षडाष्टक आहे, हेही ठरलेलं. पगाराला शिल्लकीचा टेकू चालतो; धंद्याच्या उत्पन्नाला चालत नाही. गुण मात्र ३६च्या ३६ लागतात. २८,९९९ पौंड असले तर शांत नाही.

नवरा परदेशात कमावत असेल तर आणखी एक मेख आहे. त्याने दोन्ही दाखवायचं: इथे बसून आतापर्यंत किती मिळवलं तेही, आणि तिथे परतल्यावर तीन महिन्यांच्या आत कोणत्या नोकरीवर किती पगाराने रुजू होणार तेही. पुतण्या लंडनला परतला की कंपनी त्याचे ३१,००० पूर्ववत करणार होती. "मग झालं की!" असं भाऊ फोनवर म्हणाला. झालं नव्हतं. मागच्या सहा महिन्यांतला सगळ्यात कमी पगार धरायचा, आणि तो पुण्याचा होता. तोच माणूस, तीच खुर्ची, तेच काम, तोच साहेब. पण टेबलाखाली कर्वेनगर असल्यामुळे दोन हजार पौंड कमी पडले.

"दोन हजारच ना," व्याही म्हणाले. "मी देतो."

व्याहीबुवांचा स्वभाव दिलदार आहे. त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "मी आहे ना! तसं लिहून देतो. नोटरी करून देतो." मी त्यांना तो परिच्छेद वाचून दाखवला. तिऱ्हाइताने दिलेलं मदतीचं आश्वासन धरत नाहीत. "तिऱ्हाईत?" व्याही उठून उभे राहिले. "मी मुलीचा बाप आहे!" त्यांना कसं सांगावं की त्या पदावर आता दुसऱ्याची नेमणूक झालेली आहे.

विहीणबाईंनी आतून सोन्याचा डबा आणला. सोनं सोनं म्हणून मोजत नाहीत, हे ऐकल्यावर ब्रिटिशांविषयी त्यांचं मत कायमचं बिघडलं. "आपलं सोनं नेताना बरं चाललं त्यांना," असं म्हणून त्यांनी डबा मिटला. त्याच्यावर माझ्याकडे परिच्छेद नव्हता.

मग पुतण्याने विचारलं, बँकेतली शिल्लक किती लागेल? इथे नियमावलीची प्रतिभा खरी बहरते. पहिले १६,००० पौंड धरायचेच नाहीत. ते असले म्हणजे तुम्ही माणसांत आलात, एवढंच. त्यावरच्या रकमेला अडीचने भागायचं आणि जे येईल ते उत्पन्नात मिळवायचं. काहीच उत्पन्न नसेल तर १६,००० अधिक २९,०००ची अडीच पट, म्हणजे ८८,५०० पौंड. हे कोटीच्या घरात जातं. आमच्या पोराला फक्त दोन हजार कमी होते. दोन हजारांची अडीच पट पाच हजार, अधिक ते पहिले सोळा. एकूण २१,०००. दोन हजारांचं भोक बुजवायला एकवीस हजारांचं ठिगळ, आणि तेही बँकेत सहा महिने हलवायचं नाही.

"पण मी कमावते ना!" इतका वेळ गप्प बसलेली सून म्हणाली.

ती वर्षाला चोवीस लाख कमावते. मी पान उलटलं. अर्जदार ब्रिटनच्या बाहेर असेल तर त्याचा किंवा तिचा पगार शून्य धरतात. याला तर्क आहे. बायको तिकडे गेली की तिची इथली नोकरी सुटणार, मग ती कशी मोजायची? तर्क पूर्वी बिनतोड होता. पण तिची नोकरी सुटणार नव्हती. तिची कंपनी 'तिकडून काम कर' म्हणाली होती. तरीही शून्य. त्याने पुण्यात बसून मिळवलेले पौंड लंडनला चालतात, आणि तिने लंडनमध्ये बसून मिळवायचे रुपये मोजायला तिला आधी लंडनमध्ये बसू देत नाहीत. एकाच ट्रेकला भेटलेली, एकाच डायनिंग टेबलाच्या दोन टोकांना बसून एकाच वायफायवर काम करणारी ही दोन माणसं. त्यातला एक सरकारदरबारी पोशिंदा आणि दुसरी परावलंबी. गंमत म्हणजे त्या वायफायचं बिल परावलंबीच भरत होती.

एवढं होईतो माझ्या लक्षात आलं की या नियमाला गरिबीची भीती आहेच, पण त्याहून मोठी भीती पत्ता नसलेल्या पैशाची आहे. २०१२ साली हे सगळं लिहिलं गेलं तेव्हा नोकरीला इमारत असायची, इमारतीला गाव, गावाला देश. माणूस निघाला की नोकरी मागे राहायची. आता नोकरी खिशात घालून माणूस विमानात बसतो. काम, पगार, साहेब आणि साहेबाची कटकट या चारही गोष्टींना व्हिसा लागत नाही. तो फक्त बायकोला लागतो. आणि तिला तो देताना सरकार विचारतं ते कामाची खुर्ची कोणत्या गावात आहे. त्याचं उत्तर आता कोणालाच नीट देता येत नाही, कंपनीला तर नाहीच नाही.

कंपनीचं पत्र हा म्हणूनच स्वतंत्र अध्याय झाला. पत्रात काय हवं ते नियमात स्वच्छ दिलं आहे: नोकरीवर कधीपासून, वार्षिक पगार किती, या पगारावर कधीपासून, नोकरी कायम की कराराची. शिवाय परतल्यावर नोकरी चालू राहील आणि अमुक तारखेपासून लंडनमध्ये रुजू होईल, हे. एचआरचं पहिलं पत्र आलं त्यात यातलं काहीही नव्हतं. पुतण्या संघाचा मोलाचा सदस्य आहे, तो उत्साही आहे, त्याच्या नव्या आयुष्याला कंपनीच्या शुभेच्छा आहेत, असं होतं. वाचून आजीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते बाजूला ठेवलं. कर्जविभागात ज्याच्याविषयी फार चांगलं लिहून यायचं त्याची फाइल आम्ही दोनदा वाचायचो.

दुसऱ्या पत्रात आकडे आले, पण पुणे आलं नाही. 'सध्या लवचिक पद्धतीने कार्यरत' असं होतं. का, म्हणून विचारल्यावर कंपनीच्या करसल्लागाराचा निरोप आला. आमचा माणूस पुण्यात बसून काम करतो असं लेटरहेडवर लिहिलं तर उद्या भारताचं आयकर खातं म्हणेल की तुमचं इथे कायमचं आस्थापन आहे, भरा कर. म्हणजे पगार कापताना कंपनीला पुणे बरोबर माहीत होतं, आणि पत्र लिहिताना तिचा भूगोल कच्चा झाला. इकडे आयकरवाले म्हणणार, वर्षात १८२ दिवस इथे राहिलास म्हणजे तू आमचा. तिकडे व्हिसावाले म्हणणार, सांग बघू कुठे होतास? आणि कंपनी म्हणणार, तो लवचिक होता.

तिसऱ्या पत्राला तारीख अडली. एचआर म्हणाली, पत्नीचा व्हिसा कधी मिळतो ते कळवा, म्हणजे रुजू होण्याची तारीख टाकतो. व्हिसाला ती तारीख आधी हवी होती. शेवटी पुतण्याने कालनिर्णय बघून स्वतःच एक सोमवार काढला आणि कंपनीने तो मान्य केला. साडेतीन मुहूर्तांतला नव्हता, पण लंडनमध्ये त्या दिवशी बँका उघड्या होत्या.

राहिले दोन हजार पौंड. ते मला वाकडमध्ये सापडले.

सुनेने लग्नाआधी कर्ज काढून वाकडला एक फ्लॅट घेतला होता. तो भाड्याने दिलेला. महिन्याला पंचवीस हजार. अपेंडिक्सच्या सी राशीत मी बोट ठेवलं: राहतं घर सोडून दुसऱ्या मालमत्तेचं भाडं, मग मालक नवरा असो की बायको आणि मालमत्ता कोणत्याही देशात असो, धरतात. मी ते तीनदा वाचलं आणि मग मोठ्याने वाचलं. सुनेचा मेंदू, तिची पदवी, तिचे चोवीस लाख, सगळं शून्य. पण तिच्या भिंती चालतात. ती घाम गाळते ते उत्पन्न नव्हे, आणि तिच्या स्वयंपाकघरात दोन पोरं मॅगी करतात ते उत्पन्न.

वर्षाचे तीन लाख म्हणजे साधारण २,६०० पौंड. २७,००० अधिक २,६००. बेरीज जमली. अर्ज करण्याच्या दिवशीचा ओआंडा या संकेतस्थळावरचा विनिमय दर धरतात, असंही नियमात होतं. त्यामुळे त्या दिवसापासून पुतण्या रोज सकाळी, म्हणजे दुपारी, रुपया बघू लागला. समोरच्या बंगल्यातल्या देशपांड्यांचा मुलगा अमेरिकेत असल्यामुळे रुपया घसरला की ते पेढे आणल्यासारखी बातमी आणायचे. आमच्याकडे त्याच बातमीने सुतक पडू लागलं. मी त्याला कागदावर मांडून दाखवलं की पौंड दीडशे रुपयांना गेल्याशिवाय तुला धोका नाही. पण प्रेमात पडलेल्या माणसाला गणित समजावता येत नाही.

भाड्याचे पुरावे गोळा करताना महाराष्ट्राचा आणि ब्रिटनचा पहिला घटनात्मक पेच उभा राहिला. त्यांना बारा महिन्यांचं भाडं हवं. आणि आपला भाडेकरार अकरा महिन्यांचा! का अकरा, ते आपल्याकडे कोणी कोणाला विचारत नाही, आणि परदेशी माणसाला समजावण्याच्या भानगडीत तर पडूच नये. आम्ही ओळीने दोन करारनामे जोडले, फ्लॅटचा इंडेक्स टू जोडला, बँकेची बारा महिन्यांची स्टेटमेंटं जोडली. त्यात भाडेकरू पोरांनी यूपीआयवर पाठवलेले शेरे जसेच्या तसे उमटलेले. एका महिन्याला 'रेंट'. पुढच्याला 'रेंट, सॉरी ताई'. त्यापुढे 'रेंट प्लस गीझर'. लंडनच्या फाइलीत त्या गीझरचं काय झालं, याची कुणीतरी नोंद घेतली असेल, अशी माझी एक निवृत्त कर्मचारी म्हणून श्रद्धा आहे.

लग्नानंतर सुनेने नाव बदललं नाही म्हणून आमच्या घरात पूर्वी एक छोटं शीतयुद्ध झालं होतं. आता कळलं की पासपोर्ट, फ्लॅट, बँक आणि करारनामा या चारही ठिकाणी एकच नाव असणं ही केवढी पुण्याई आहे. माझी बायको आता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "आमच्या सुनेने दूरदृष्टीने नाव ठेवलं."

बाकीच्या गोष्टी किरकोळ. क्षयाची तपासणी: एक्स-रे स्वच्छ. इंग्रजी येतं याचा पुरावा: रोज सहा तास इंग्रजांशी इंग्रजीत भांडणाऱ्या बाईने इंग्रजी येत असल्याचा दाखला मिळवला. फी तेव्हा १,९३८ पौंड. आरोग्यसेवेचा अधिभार वर्षाला १,०३५. पहिला व्हिसा ३३ महिन्यांचा, पण अधिभार तीन वर्षांचा घेतात, म्हणजे ३,१०५. दोन्ही मिळून पाच हजार पौंडांच्या वर. हे भरून झाल्यावर 'तुमच्याकडे पुरेसे पैसे आहेत का' हा प्रश्न वेगळ्याने विचारण्याची गरज खरं तर उरत नाही.

असं वाटणारे आम्ही पहिले नव्हतो. काही जोडपी थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेली होती. २२ फेब्रुवारी २०१७ला निकाल लागला. न्यायालय म्हणालं, उत्पन्नाची अट घालणं बेकायदा नाही, तिच्यामुळे पुष्कळांचे हाल होतात तरीही. मात्र मुलांच्या हिताचा आणि उत्पन्नाच्या इतर मार्गांचा विचार सरकारने नीट केलेला नाही. त्यावर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नियमात दुरुस्ती झाली आणि अगदी अपवादात्मक परिस्थितीत इतर मार्गांचाही विचार करायची सोय झाली. म्हणजे शांत निघाली. फक्त तिची दक्षिणा वकील घेतात. २०२५च्या जूनमध्ये तर सरकारच्याच सल्लागार समितीने अहवालात सांगितलं की कुशल कामगाराच्या पगाराचा आकडा कुटुंबाला लावण्यात अर्थ नाही. समितीचं म्हणणं समितीसारखंच संयमी होतं. सल्लागार मंडळींचं असं होताना मी पूर्वीही पाहिलं आहे. आकडा त्यांच्या हिशेबातून निघतो, आणि नंतर तोच मोठा होऊन त्यांचं ऐकत नाही.

आमच्या पोरांना व्हिसा मिळाला. कोणत्याही गुणाला धक्का लागला नाही. व्याहीबुवांनी सगळ्यांना जेवायला बोलावलं, आणि बिल द्यायला पुतण्या उठला तेव्हा त्याला खाली बसवत म्हणाले, "तिऱ्हाइताला एवढं तरी करू दे."

मी त्यांना फारसं सांगितलेलं नाही, पण हे प्रकरण इथे मिटत नाही. आपल्याकडे पत्रिका एकदाच बघतात. लग्न लागलं की गुरुजी पुन्हा येऊन 'अजून जुळतंय का?' विचारत नाहीत. तिथे ३३ महिने संपताना मुदतवाढीचा अर्ज करायचा आणि उत्पन्न पुन्हा दाखवायचं. पुढे पाच वर्षं झाली की कायम वास्तव्यासाठी पुन्हा एकदा. पाच वर्षांत तीनदा मुलाचा पगार विचारणारा सासरा कोणत्याही पुराणात सापडायचा नाही.

मात्र मुदतवाढीच्या वेळी एक फरक पडतो. तोपर्यंत बायको ब्रिटनमध्ये कायदेशीर काम करत असते, आणि मग तिचा पगार मोजतात. आजच्या शून्याचे तेव्हा पौंड होतात. दोघांचा मिळून आकडा भरला तरी चालतं, आणि एकट्या तिचा भरला तरी चालतं. हे कळल्यावर पुतण्याने सुटकेचा मोठा निःश्वास टाकला, आणि सुनेने लगेच पुढच्या अर्जाचं एक्सेल उघडलं. तिने ते मला दाखवलं. पहिल्या रकान्यात तिचा पगार आहे, दुसऱ्यात वाकडचं भाडं. तिसऱ्यात नवऱ्याचं उत्पन्न, आणि त्या रकान्याच्या डोक्यावर तिने लिहिलं आहे: 'ऐच्छिक'.